एकाच राखेतले गोरे आणि गुलाबी बटाटे

आई गेल्यावर बाबांना मी हट्टानं कन्नड मुलखात, राजाजीनगरच्या माझ्या घरी आणलं. आल्या दिवशीच त्यांनी ठणकावलं, "शिवरात्रीपर्यंत राहतो. मग मी आणि माझं पुणं." तिथे एकटे चहा-बिस्किटांवर दिवस काढणार आणि फोनवर मात्र "मजेत आहे" म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा जीव त्यांच्यात अडकलेला, आणि त्यांचा पुण्यातल्या परसात.

म्हणून दिवाळी झाल्यावर गच्चीत मातीच्या पिशव्या मांडल्या. बाबांनी मंचरहून बियाणं मागवलं, गोरेगोमटे बटाटे. शेजारच्या अक्कांनी चिक्कबळ्ळापूरचे गुलाबी दिले. अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी अर्धी कन्नडात भिजलेली. बाबांनी ते हातात घेऊन नाक मुरडलं. "हे बटाटे की लिंबं?"

वर त्यांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली. राख घातली की कंदाला काही होत नाही, हा आमच्या घरचा वेदमंत्र. सगळ्या पिशव्यांत मुठी-मुठी ओतली.

"अण्णा, स्वल्प कमी घाला हो," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही बघाच!"

बघितलं की! माघात पिशव्या उलट्या केल्या, तर मंचरचे बटाटे चांगले मोठे, पण अंगभर खपल्या, जणू कांजिण्या आल्यात. त्याच मातीतले, त्याच राखेतले गुलाबी मात्र तुकतुकीत. अक्का हसून हसून कठड्यापाशी खालीच बसल्या. बाबांचा चेहरा पडला. झालं! आता हे उद्याच बॅग भरणार.

बाबा चष्मा लावून फोन घेऊन बसले. थोड्या वेळानं ओरडले, "अगं ऐक! राखेनं माती अल्कधर्मी होते आणि या खपलीच्या रोगाला तेच हवं असतं. काही जातींची साल त्याला दाद देत नाही, काहींची लगेच बळी पडते. म्हणजे माझा हात वाईट नाही, जात नाजूक आहे!"

"आणि राख कुणी घातली?"

"तू गप्प बस."

साल जाड काढल्यावर आत बटाटे पांढरेशुभ्र निघाले. पुरी-भाजीवर तिघांनी आडवा हात मारला. चवीला मंचरचेच सरस, हे अक्कांनीही मान्य केलं. "सरी, सरी, कबूल! अण्णा जिंकले!" मग काय, बाबांची कळी खुलली. पावसाळ्यात दोन्ही जाती परत लावायच्या, अर्ध्या पिशव्यांत राख, अर्ध्यांत नाही. हासनकडची एक तिसरी जातही अक्कांनी आणून द्यायची.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण बाबा, तुम्ही तर शिवरात्रीला निघणार होतात ना?" आणि मी जीभ चावली.

"मग इथे बघणार कोण? तू? तुला साधी तुळस जगवता येत नाही!"

एवढी बोलणी खाऊन मी पुऱ्या आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाले आणि आनंदानं ढसाढसा रडले.