चौकटरावांची काचपट्टी

चौकटराव,

खुशाली नंतर विचारीन. तुम्ही जागा सोडून आठ महिने झाले, तरी जिन्यात तुमचा विषय संपत नाही. कुणी लबाड म्हणतं, कुणी बिचारा. दोन्ही शब्दांचा मला वीट आलाय. म्हणून तुमची गोष्ट मीच लिहून काढते, तिऱ्हाइताची लिहावी तशी. म्हणजे तुम्हाला मध्येच "तसं नाही हो मावशी" म्हणता येणार नाही. तुमच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी यात येते. ती मीच, पण तिला सूट दिलेली नाही. मनातलं काही तुम्ही निघताना सांगितलंत, काही तुमच्या बायकोने सांगितलं. उरलेलं तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

चौकटराव फोटोंना फ्रेमा करायचे, म्हणून हे नाव. जुन्या शहरात जागा मिळवायला त्यांनी अकरा महिने जिने झिजवले. एका मालकाला लहान मूल नको, दुसऱ्याला काचकाम नको. शेवटी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मुलीची शाळा आणि दुकान, दोन्ही पायी. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "आता मला इथून हलवू नका." तेवढं वाक्य ते विसरले नाहीत.

इमारत मात्र शहराच्या जपायच्या यादीतली. यादीतलं घर म्हणजे आजारी पाहुणा: हात लावायची सोय नाही आणि जा म्हणायचीही नाही. खिळा ठोकायला परवानगी लागे. त्यामुळे जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती सजवणाऱ्या माणसाच्या घरात एकही फ्रेम नव्हती.

दुसऱ्या वर्षी मुलीच्या खाटेवरच्या भिंतीला वीतभर भेग गेली. इंजिनिअर आला. बोटभर रुंदीच्या काचेच्या पट्ट्या त्याने भेगांवर आडव्या चिकटवल्या, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, त्यावर पेन्सिलीने तारीख. एक पट्टी चौकटरावांकडे, एक खाली म्हातारीच्या स्वयंपाकघरात, त्याच भिंतीच्या भेगेवर.

"भिंत सरकली तर काच तडकेल. तडकली की लगेच फोन करा."

"मग?" चौकटरावांनी विचारलं.

"मग वरचा मजला रिकामा करायचा."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी बायको पाणी भरत होती, चौकटराव मोजे शोधत होते. पाहतात तर पट्टीचे दोन तुकडे. फोन हातात होता. मग अकरा महिन्यांचे जिने डोळ्यांपुढे आले आणि त्यांनी फोन खिशात टाकला.

दुपारी दुकानात त्यांनी तशाच तीन पट्ट्या कापल्या. एक लावायला, दोन हाताशी. दोन हाताशी का ठेवल्या, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. घरी कुणी नसताना पट्टी बसवली, जुनी तारीख घातली, इंजिनिअरचा वाकडा सातसुद्धा हुबेहूब काढला.

तिथून त्यांचं स्वास्थ्य गेलं. गल्लीत टेम्पो शिरला की घास हातात राही आणि डोळे भिंतीवर. दुकानातून येताना आधी मान वर करून आपली खिडकी जागेवर आहे ना ते पाहत. मुलीची खाट त्यांनी स्वयंपाकघरात ओढली.

"तिथे वारं लागतं तिला."

"खिडकी या बाजूला. भिंतीतून वारं येतं होय?" बायको म्हणाली.

"जुनं घर आहे. येतं."

"तुम्हाला झालंय तरी काय?"

"मला काय धाड भरलीय!"

दुसरी पट्टी अकरा दिवसांत गेली. तिसरी लावली.

याच सुमारास म्हातारीच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच फुटली. चौकटराव माप घ्यायला आले. दोरीला लांबी-रुंदीच्या दोन गाठी मारल्या, पण पाहत होते भिंतीकडे.

"खिडकी इकडे आहे, चौकटराव."

"हो, हो."

"माझी पट्टी शाबूत आहे. तुमची?"

"माझीही," ते जरा जास्तच पटकन म्हणाले. "रविवारी काच आणतो, मावशी."

दोरी मात्र खिडकीच्या कडीलाच राहिली. रविवारी आले ते रिकाम्या हाताने: "माप पुन्हा घेतो." मंगळवारीही तेच. म्हातारीने सुनावलं, "खिडकी वाढतेय की काय रोज?" ते हसले आणि माप घेऊन गेले. दोरी तिथेच.

दीड महिना झाला, इंजिनिअर आला. खिडकीची तक्रार घेऊन म्हातारी वर गेली, ती दारातच थबकली. त्याने पट्टी पाहिली, मान डोलावली.

"छान. भिंत स्थिर आहे. आता याच भिंतीवर पाण्याची मोठी टाकी बसवायला हरकत नाही."

चौकटराव एक पाऊल पुढे आले. त्यांनी तोंड उघडलं. ते खरं सांगायलाच उघडलं होतं, असं ते म्हणतात. म्हातारीने उघडलेलं तोंड पाहिलं. आतून काय येणार होतं याची शपथ ती घेणार नाही. कारण तेवढ्यात इंजिनिअरने पट्टीवरून बोट फिरवलं.

"ही कुणी लावली?"

"तुम्हीच," बायको म्हणाली.

"माझ्या पट्टीने बोट कापतं. हिची कड घासलेली आहे."

बायकोने नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. ते हात तिला ओळखू येत होते.

"लपवायचं होतं तर कड कशाला घासलीत?" इंजिनिअरने विचारलं.

"सवय," चौकटराव म्हणाले. "कच्ची कड हातून जातच नाही."

पंधरा दिवसांत तिसरा मजला रिकामा झाला. म्हातारीच्या स्वयंपाकघरात लाकडी टेकू उभे राहिले. सामान उतरत असताना तिने त्यांना जिन्यात गाठलं.

"त्या भिंतीखाली मीही राहत होते, चौकटराव."

"माहीत होतं, मावशी."

"माहीत होतं आणि गप्प बसलात?"

"तुमची पट्टी बघून जात होतो ना. एका दिवसाआड."

मापाचा घोळ तिला तेव्हा कळला. काच बसवली असती तर घरात शिरायला निमित्त उरलं नसतं. ती रागावलेली होती, अजूनही आहे. पण आपल्या भिंतीवर कुणी इतकी नजर ठेवली होती, हेही तिच्या मनातून जात नाही.

"आता तरी काच आणाल?"

"रविवारी नक्की," खाटेचं एक टोक खांद्यावर घेत ते म्हणाले.

ते शहराच्या टोकाला, नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर गेले. म्हातारीच्या खिडकीला अजून काचेऐवजी पुठ्ठाच आहे. दोन गाठींची दोरी कडीला तशीच लटकते आहे.