विंगेतला सासरा

यंदा गावच्या नाटकात मी एक वाक्य खाल्लं. मी प्रॉम्प्टर. पेडण्याकडच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला गावकरीच नाटक उभं करतात आणि वही धरून विंगेत बसायचं काम पस्तीस वर्षं माझं. तिसऱ्या अंकात पांगळी मुलगी उंबऱ्याबाहेर उभी. सासऱ्याचं काम करणारे भाटकार, म्हणजे गावचे जमीनदार, अडकले, माझ्याकडे बघायला लागले. वाक्य वहीत ठसठशीत होतं : "आत ये पोरी, घर तुझंच आहे." ते माझ्या तोंडातून फुटेना. शेवटी भाटकारांनी नुसताच हात धरून तिला आत घेतलं. मांडव चिडीचूप. लोकांना वाटलं, भाटकारांनी काय जीव ओतलाय! टाळ्याच टाळ्या. बायका पदराने डोळे पुसतायत.

प्रॉम्प्टरकडे कोण बघतो म्हणा.

मला आत बसवलं ते या भाटकारांच्या वडिलांनी. मी बारा वर्षांचा. डावा पाय पोलिओने वाळलेला, पण राजपुत्राचं काम तोंडपाठ. देवापुढे नारळ ठेवून पात्रं वाटायची आमच्याकडे रीत. कोणीतरी माझं नाव घेतलं. म्हातारे भाटकार म्हणाले, "लंगडो राजपुत्र? लोक हासतले रे! तू आत बस. कोणाक दिसू नको."

सभामंडप हसला. मीसुद्धा हसलो. आत जाऊन बसलो.

हा किस्सा मी लग्नाबारशांत इतका रंगवून सांगितलाय की बायको आता मधली वाक्यं भरते. प्रत्येक वेळी लोक हळहळतात. मला बरं वाटतं. अपमान सोसलेला माणूस म्हणजे आपोआप चांगला माणूस, असा माझा समज. फुकटचा.

मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला. तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी तो एका मुलीला घेऊन आला. सुर्ल्याची. वडील सावंतवाडीकडून येऊन खाणीवर ट्रक चालवतात. ती डिचोलीला औषधांच्या दुकानात. जन्मापासून डावा हात कोपरापर्यंतच. लग्न करायचं म्हणत होते दोघं. बल्कावात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, बसून ती माझ्या बायकोशी छान बोलत होती. आणि मी चहाचा घोट घेऊन विचारलं. अगदी मायेने, असं मला वाटलं.

"देवाचं ताट कशी धरशील गो? चार माणसं आली की तेवढी आत बसशील ना?"

आत बसशील. मीच म्हणालो. माझ्या तोंडाने.

ती उठली. माझ्या तोंडाकडे नाही, वाळलेल्या पायाकडे बघितलं. तशीच पायऱ्या उतरली. मुलगा तिला पोचवायला गेला तो घरी फिरकलाच नाही.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात पाव-भाजी खात सगळे नाटकावरच बोलत होते.

"बायल माझी अजून रडता."

"शेवटाक त्या पोरीक घरात घेतल्यानी, जीव थंड झालो!"

भाटकार फुलले होते. म्हणाले, "नाटकात बरा दिसता ता. घरात तसली सून कोण आणतलो?" मग माझ्या पाठीवर थाप. "ह्या प्रॉम्प्टराक बघा. झील एक थोटी घेवन इल्लो. ह्येना वेळेर अडवल्यान. शाबास!"

सगळे हसले. माझं तोंडही सवयीने हसायला निघालं होतं. पस्तीस वर्षांत त्या घराण्याने मला दिलेली ही पहिली शाबासकी. कशाबद्दल, तर मी त्यांच्यासारखा वागलो याबद्दल.

मी उभा राहिलो. "तिका नाव आसा. थोटी म्हणा नकात. मी तिका बोललंय ता चुकलंय. नि फुडल्या वर्सा वही दुसऱ्या कोणाक द्या. मी बाहेर बसतलंय. लोकांत."

भाटकार म्हणाले, "तुका काय झाला रे? नाटक ता नाटक!"

बाहेर पडलो. पाय ओढत, पण जरा ऐटीतच. घरी येऊन सगळं बायकोला सांगितलं. खरं सांगतो, तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती.

ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "हॉटेलात बोललात ता बरा केलात. आता सुर्ल्याक तिच्या दारात जावन बोला. एकटेच जावा, झिलाक मधी घालू नकात. नि ती 'नको' म्हणाली, तर गपचूप ऐकून परत या. तिका समजावूक बसू नकात."