तिने लावून ठेवलेल्या वह्या

महाडच्या एका कचेरीत मी नोकरीभर रेकॉर्ड रूम सांभाळली. साहेबांनी फाइल मागितली की चहा यायच्या आत टेबलावर. पण कापडे गावातल्या आमच्या घरी मला माझा टॉवेल कधी सापडला नाही. मी पडवीतून हाक मारायचो आणि बायको स्वयंपाकघरातूनच सांगायची, दांडीवर, उजवीकडं. चष्मा कपाळावर ठेवून मी घर धुंडाळायला लागलो की म्हणायची, काखेत कळसा नि गावाला वळसा.

डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहून मला एकट्याला आत बोलावलं आणि आता फार महिने नाहीत असं सांगितलं. मी तिला काही बोललो नाही, पण माझं तोंड बघून ती समजली. परतताना महाडच्या बाजारात तिने मला शंभर पानी वह्या आणि डिंकाची बाटली घ्यायला लावली. नातवंडांना असतील, असं मला वाटलं.

वह्या माझ्यासाठी होत्या. सातवी शिकलेली बाई, हाताला येईल त्या वहीत सगळं टिपून ठेवायची. भाताचं बियाणं, लोणच्याचं मीठ, गाय कधी व्याली, कुणी काय आहेर केला. ते तिचं तिलाच सापडायचं. आता तिने निवडून निवडून ते नव्या वह्यांत उतरवायला घेतलं. माणसांची वही आधी पुरी केली, मग शेताची, मग स्वयंपाकाची. पानांना आकडे घातले. पहिल्या पानावर बाराखडीच्या क्रमाने काय कुठे ते लिहिलं. पाठींना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या चिकटवल्या, माणसांना लाल, शेताला हिरवी, स्वयंपाकाला पिवळी, म्हणजे फळीवरची वही मला लांबून ओळखू यावी. शेवटी शेवटी हात थरथरायला लागला तेव्हा ती सांगायची आणि मी लिहायचो. मला ते सोसत नव्हतं. मरणाची इतकी नीट तयारी करणाऱ्या बाईचा मला चक्क राग यायचा.

संध्याकाळी ती माझी परीक्षा घ्यायची. कुळथाचं बी कुठल्या मडक्यात, विम्याचे कागद कुठल्या ट्रंकेत. एकदा म्हणाली, तुमची रक्तदाबाची गोळी कुठली ते काढून दाखवा. मी लाल पट्टीची वही उघडली. माझ्या नावाच्या अक्षरापाशी पाहिलं, नाही. औषधात नाही, गोळीत नाही. मी वही आपटली. माणसांच्या वहीत घरचा माणूसच नाही, म्हणालो.

"तुमचं नाव कसं लिवू मी?" ती म्हणाली. "'ह'मदी बघा."

लग्नापासून तिने माझं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं. 'ह'पाशी 'ह्यांचे' असं होतं आणि आत तीन पानं भरलेली. गोळीचं नाव, चष्म्याचा नंबर, पोटाला काय बाधतं, आणि खाली सुनेसाठी सूचना, की रागावले तर आधी जेवायला वाढावे, मग बोलावे. मी हसलो. तीही हसली, खोकल्याची उबळ येईपर्यंत. मग मी गुरांना पाणी दाखवायच्या निमित्ताने गोठ्यात गेलो आणि रडलो.

ती गेल्यावर वह्यांनी मला दगा दिला नाही. बी मिळालं, गुरांच्या डॉक्टरचा फोन मिळाला, घर चाललं. 

वर्षश्राद्धाला मुलगा आणि सून मुंबईहून आली. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी पानावर वाढायची आमच्याकडे रीत आहे. आईंना काय आवडायचं, असं सुनेनं विचारलं. थांब, वहीत असेल, म्हणालो मी. मुलाला घावणे आवडतात, जावयाला नारळीभात, मला वालाचं बिरडं, असं ज्याचं त्याचं लिहिलेलं होतं. तिचं पान मात्र नव्हतं. मी तिन्ही वह्या पहिल्यापासून चाळल्या. तिचं दुखणं, तिची गोळी, तिची आवड, कुठेच काही नव्हतं.

मी आठवून पाहिलं. आम्ही जेवून उठलो की ती बसायची आणि टोपात उरलं असेल ते खायची. काय असलं की ती दोन घास जास्त जेवते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मुलालाही सांगता येईना.

सून ताटकळत उभी होती. मग तिने वालाचं बिरडं केलं. बायकोच्या पानावरही माझ्याच आवडीचं वाढलं.