हँडल पंचशीलाताईंच्या हातात

आमच्या लेआउटमध्ये दिवाकरराव गोंडाणे राहायला आले तेव्हा सामानाचा ट्रक नंतर आला, बुलेट आधी आली. पुढे दिवाकरराव, मागे पंचशीलाताई, आणि दोघांच्या मध्ये कुंडीतली जास्वंद. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं बॉयलर सांभाळून ते रिटायर झाले होते आणि त्याच महिन्यात जुनी मोटारसायकल विकून त्यांनी ही गाडी घेतली होती. ताई सरकारी नर्स. त्यांची नोकरी अजून वर्षभर बाकी होती. सावनेर तालुक्यातल्या गावोगावी त्यांनी लसी टोचल्या, बाळंतपणं केली. एसटी मिळाली तर एसटीनं, नाहीतर पायी.

ताई रिटायर झाल्या आणि दोघांचे रविवार सुरू झाले. सकाळी सहाला गाडी निघायची. कधी मनसर, कधी पवनी, कधी खिंडसीचा तलाव. दुपारी उन्हानं लाल झालेले चेहरे घेऊन परत. पुण्याहून त्यांची मुलगी रोशनी फोन करायची, ती दर वेळी विचारायची, "आज कुठं गेले होते तुम्ही दोघं?" ताई गावाचं नाव सांगायच्या आणि तिथं काय खाल्लं तेही सांगायच्या.

मागच्या डिसेंबरात ते छिंदवाड्याला गेले. परतताना सौंसरजवळच्या एका ढाब्यावर चहा प्यायला थांबले. नळावर हात धुऊन वळताना दिवाकररावांचा पाय ओल्या फरशीवरून सरकला आणि ते उजव्या हातावर पडले. ताईंनी मनगट नुसतं चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाड गेलं." वाऱ्यासाठी डोक्याला गुंडाळलेली ओढणी फाडून हात गळ्यात बांधला. ढाब्यावरचा जुना पुठ्ठा मागून त्याखाली आधार दिला. पाच मिनिटांत सगळं झालं. पण त्यानंतर दोघंही गाडीकडे बघत उभे राहिले. गाडी धडधाकट, चावी खिशात, टाकी अर्धी भरलेली, आणि चालवणारं कोणी नाही. शेवटी गाडी ढाब्याच्या मागे ठेवली आणि दोघं बसनं निघाले.

सावनेर येईपर्यंत ताई खिडकीतून रस्त्यावरच्या मोटारसायकली बघत होत्या. दिवाकररावांना वाटलं, आता हे फिरणं बंद होणार. सावनेरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ताई म्हणाल्या, "ऐका ना जी, मले गाडी शिकवा."

"कोणती गाडी?"

"आपल्याकडं किती गाड्या हायेत?"

"अवं, बुलेट हाय ते. पावणेदोनशे किलोच्या वर वजन. अन् माह्या हाताले आता प्लास्टर बसणार."

"हाताले बसणार ना? तोंड तर चांगलं हाय. तोंडानं सांगा, मी करीन."

रोशनीला कळलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच. "आई, अठ्ठावन्न पूर्ण झाले तुला! हाड मोडलं तर?"

"मोडलं तर जोडता येते. हेच तर काम केलं मी," ताई म्हणाल्या आणि विषय बदलला.

गल्लीतल्या मेकॅनिकनं ढाब्यावरून गाडी आणून दिली. ताईंची उंची पाच फुटांना दोन इंच कमी. सीटवर बसल्या की टाचा हवेत. मग मेकॅनिकनं सीटचा फोम कापून ती बसकी केली आणि ताईंनी जाड तळव्याचे बूट घेतले. लेआउटच्या टोकाला अजून प्लॉट रिकामे आहेत, रस्ते मात्र झालेत. आम्ही बायका तिथंच सकाळी फिरायला जातो, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिला आठवडा गाडी हललीच नाही म्हटलं तरी चालेल. क्लच सोडला की धक्का, धक्का बसला की बंद. दिवाकरराव गळ्यात हात अडकवून बाजूनं चालायचे आणि एकसारखं बोलायचे. "हळू सोड... हळू... अवं, सोड म्हटलं म्हणजे फेकू नको!" ताई पुन्हा चालू करायच्या. दुसऱ्या आठवड्यात गाडी चालली आणि त्याच दिवशी आडवीही झाली. आम्ही धावलो. ताई बाजूला उभ्या राहून साडीवरची, म्हणजे सलवारीवरची, माती झटकत होत्या. साडी त्यांनी या कामापुरती बंद केली होती, आम्हालाच सवय नव्हती.

"कोणी हात लावू नका," दिवाकरराव म्हणाले. "तिले उचलू द्या. रस्त्यात पडली तर कोण येणार हाय?"

मला ते निष्ठुर वाटलं. पण त्यांनी नीट सांगितलं. गाडीकडे पाठ कर, सीटला कंबर टेकव, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची सळई, आणि जोर पाठीचा नाही, पायांचा. ताईंनी तसं केलं आणि पाय मागे रेटत गेल्या. गाडी उठली. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर त्या लाजल्या.

लायसनच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना त्यांचा पाय जमिनीला लागला. साहेब म्हणाले, "मावशी, स्कूटी आणली असती तर पास झाल्या असत्या." ताई म्हणाल्या, "स्कूटी आमच्याकडं नाही, सर. मी पुढच्या तारखेले येतो." पुढच्या तारखेला त्या गेल्या आणि पाय न टेकवता आकडा पूर्ण केला. त्या साहेबांनी उठून हात मिळवला, हे दिवाकररावांनी आम्हाला निदान चार वेळा सांगितलं.

तोवर प्लास्टर निघालं होतं. आता खरी अडचण पुढे आली. दिवाकररावांना मागे बसता येईना. ते मागे बसून पायानं नसलेला ब्रेक दाबायचे, दर वळणावर ताईंचा खांदा धरायचे. एकदा कामठी रोडवर ताईंनी गाडी कडेला घेतली.

"मी पस्तीस वर्षं मागं बसली. एक शब्द तरी बोलली का?"

"लय बोलली," दिवाकरराव म्हणाले.

ताईंना हसू आलं. पण त्या दिवसापासून ठरलं, जो चालवेल त्याचं ऐकायचं.

फेब्रुवारीत दोघं पचमढीला निघाले. छिंदवाड्यापर्यंत दिवाकरराव, पुढे ताई. सगळं नीट चाललं. मटकुलीनंतर घाट लागला आणि एका चढाच्या वळणावर पुढचा ट्रक थांबला. ताईंनाही थांबावं लागलं. ट्रक पुढे गेला, पण यांची गाडी निघेना. क्लच सोडला की बंद पडायची आणि वीतभर मागे सरकायची. मागे मोटारी हॉर्न वाजवू लागल्या.

"मले दे, मी काढतो," दिवाकरराव म्हणाले.

"उतरा तुम्ही."

"मी म्हणतो तेच, उतरतो अन्..."

"नुसते उतरा जी. अन् चालत या."

ठरलं होतं, चालवणाऱ्याचं ऐकायचं. दिवाकरराव उतरले. ताईंनी मागचा ब्रेक पायानं दाबून धरला, रेस दिली, क्लच अर्धा सोडला, गाडी कण्हली आणि मग ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी सुटली ती वळण पार करून दिसेनाशी झाली. दिवाकरराव हेल्मेट काखेत घेऊन तो चढ चढले. वर सपाटीला, पळसाखाली गाडी उभी होती आणि ताई पाण्याची बाटली उघडून वाट बघत होत्या. त्यांनी बाटली पुढे केली. "दमले का?"

"दमलो," दिवाकरराव म्हणाले. "पण तू काढली बरोबर. मी बी अशीच काढली असती." हे त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं कौतुक होतं, असं ताई मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाकरराव लॉजच्या ओसरीवर बसले होते. ताई म्हणाल्या, "मी पोहे घेऊन येतो." आणि चावी घेऊन एकट्याच निघाल्या. मागे कोणी नसताना खऱ्या रस्त्यावर त्या पहिल्यांदाच गाडी नेत होत्या. दिवाकररावांनी मला नंतर सांगितलं, आयुष्यभर ड्युटीवर जाताना गाडी घेऊन आपणच निघालो, मागे राहिलेल्याला तिचा आवाज लांब जाताना कसा ऐकू येतो हे माहीतच नव्हतं. तो आवाज बाजाराच्या वळणावर बारीक झाला, मग बंद झाला. त्यांनी दोनदा उठून फाटकाकडे पाहिलं.

वीस मिनिटांनी ताई आल्या. पिशवीत गरम पोहे, जिलबी. चाकात हवाही भरून आणली होती. "मागच्या चाकात कमी होती," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही पाहिली नाही का?"

"नाही पाहिली."

"मग आजपासून चाकं मी पाहीन," ताई म्हणाल्या आणि पोह्यांचा पुडा सोडला.