अध्यक्षांचा फोटो आणि वंदनाची निळी वही

त्या दिवशी सकाळी मी पाडव्याच्या ऑर्डरींची यादी करत होते. श्रीखंडाचे डबे किती, पुरणपोळ्या कुणाकुणाच्या, गाठी मिळाल्या नाहीत तर काय. चौथ्या ओळीवर होतं : 'कडुलिंब – वंदनाला विचारणे.' इथे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात, कडुलिंबाचा पाला कुठे मिळतो हे आमच्यात फक्त तिलाच माहीत असायचं. तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, फोन आला. चहा गाळता गाळता ती कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला आणि पाचव्या ओळीवर लिहिलं, 'श्रीकांतकडे जाणे.' चौथी ओळ अजून खोडलेली नाही.

याला सात आठवडे झाले. रडून झालं. हा लेख मी रागाने लिहिते आहे आणि पुरवणीच्या संपादकांना तसं आधीच कळवलं आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी नवऱ्यांच्या सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमागोमाग इथे आलो. मी घरून फराळाचा धंदा सुरू केला. वंदनाला, कामाची परवानगी मिळाल्यावर, रिंगास्किडी बंदराजवळ एका अमेरिकन कंपनीच्या कचेरीत नोकरी लागली. कंपनीचे पंप आणि व्हॉल्व्ह जगभर जायचे आणि प्रत्येक बंदराला लागणारे कागद वंदना तयार करायची. कुठल्या बंदरात शिक्का निळाच लागतो, कुठे सही आडव्या रेघेच्या वर चालत नाही, कुठला अधिकारी जेवणानंतर फोन उचलत नाही... हे सगळं तिने एका लांबट निळ्या वहीत मराठीत लिहून ठेवलं होतं. पहिल्या पानावर शीर्षक होतं, 'अपवाद'.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या निवडणुकीचा निकाल लागला त्या सकाळी, ही बाई शाळेच्या फाटकाशी पेढ्यांचा डबा घेऊन उभी.

"घे. आपला माणूस आला."

"आपला कसा गं? तुझं मत तरी आहे का तिथे?"

"माझं नसेल. मेधाचं काम आहे त्याच्याकडे."

मेधा तिची धाकटी बहीण, न्यू जर्सीत. लहानपणी हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे एकही कंपनी तिला विमा द्यायला तयार नव्हती. वंदनाचं सगळं राजकारण हे एवढंच होतं. आधीचा आजार असलेल्यांनाही विमा मिळावा म्हणून अध्यक्ष जो आरोग्य कायदा आणत होते, त्याचं काय झालं हे ती, बायका मालिका बघतात तितक्या नेमाने, रोज बघायची. कायदा झाला तेव्हा तिने शिरा केला. पुढच्या वर्षी त्यातल्याच एका योजनेत मेधाला विमा मिळाला, तेव्हा तिने वर्तमानपत्रातला अध्यक्षांचा फोटो कापून स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून चिकटवला. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आम्हीही आता तेच म्हणतो. दुसरा फोटो कचेरीतल्या टेबलावर गेला.

मी तिला टोचायची. "आणि ती ड्रोन विमानं? आणि इतक्या लोकांना देशाबाहेर काढतोय ते?"

"वाचते गं तेही. त्याचं पत्र वेगळं लिहीन. आधी आभाराचं तर जाऊ दे."

ती खरंच पत्रं लिहायची. दोन्ही प्रकारची.

दोन हजार अकराच्या मे महिन्यात अध्यक्ष डब्लिनला आले तेव्हा ही पहाटेच्या गाडीने एकटी गेली. गर्दीत भिजत उभी राहिली आणि संध्याकाळी शिंकत परत आली. "दिसला का?" मी विचारलं. "कान दिसला," ती म्हणाली. "डावा. पण ग्रँड होता."

आता डेक्लनबद्दल. डेक्लन तिचा मॅनेजर. हसतमुख, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा. अध्यक्ष तेव्हा भाषणांतून सांगत होते की बाहेर गेलेल्या नोकऱ्या कंपन्यांनी अमेरिकेत परत आणाव्यात. दोन हजार बाराच्या वसंतात डेक्लनने वंदनाच्या विभागातल्या सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की विभाग बंद होतोय, काम अमेरिकेत जातंय. मग तिच्या टेबलावरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, "तुझ्या या माणसालाच हव्यात ना नोकऱ्या परत? मी काय करणार, वंदना?" बाकीचे हसले, असं तिनेच मला सांगितलं.

त्याने तिला सहा आठवडे दिले, कामाची सगळी माहिती लिहून द्यायला. ती माझ्याकडे आली, कारण याद्या म्हणजे मी. आणि इथे मी चूक केली. मी म्हणाले, "इतकं चोख लिहू की त्यांना कळेल तू काय आहेस. ठेवून घेतील." शाळेपासून आपल्याला हेच शिकवलेलं... वही नीटनेटकी ठेवली की बाई पाठीवरून हात फिरवतात. चार शनिवार माझ्या टेबलाशी बसून आम्ही तिच्या जागी येणाऱ्या माणसासाठी चाळीस पानं तयार केली. निळी वहीसुद्धा इंग्रजीत करून द्यायची तिची तयारी होती. डेक्लन म्हणाला, नको, फार बारीकसारीक आहे, आपल्या साच्यात बसत नाही. चाळीस पानं घेतली, "फॅब", म्हणजे झकास, म्हणाला आणि तिला केक कापून निरोप दिला.

त्या संध्याकाळी तिने प्रेसच्या दारावरचा फोटो काढला. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे राहिले. नंतर मेधाचा नेहमीसारखा फोन आला तेव्हा वंदना तिला म्हणाली, "तुला विमा मिळाला, माझी नोकरी गेली. हिशेब फिटला." मेधा रडली. हिने फोन ठेवला. दोघी बहिणी पुन्हा बोलल्या नाहीत. नोव्हेंबरात अध्यक्ष पुन्हा निवडून आले, त्या दिवशी वंदनाने टीव्ही लावला नाही. मात्र डेक्लनचे फोन यायचे. "एकच पटकन प्रश्न होता." ती कणीक मळायची थांबून, वही उघडून उत्तर द्यायची. फुकट. मी ओरडले तर म्हणाली, "अगं, माल बंदरात अडकलाय."

तिच्या तेराव्याला मेधा आणि मी तिच्या स्वयंपाकघरात होतो. मेधा आल्यापासून कुणाशी धड बोलत नव्हती. खिडकीत वंदनाचा फोन वाजला, मी उचलला. एक मुलगी होती, फार नम्र. एका बंदराच्या शिक्क्याबद्दल विचारायचं होतं, डेक्लन रजेवर होता म्हणून त्याच्या जुन्या ई-मेलमधून तिने हा नंबर शोधला होता.

मी विचारलं, "तू अमेरिकेत कुठे असतेस?"

"अमेरिकेत? नाही, मी क्राकूवला. पोलंडमध्ये. सगळी टीम इथेच आहे."

"आणि अमेरिकेत कोण आहे?"

"कुणीच नाही. हे काम तिकडे गेलंच नाही."

मी फोन स्पीकरवर टाकून तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. मेधाने गॅस बंद केला. खुर्ची ओढून बसली. "शुभदाताई," ती म्हणाली, "म्हणजे ताईची नोकरी माझ्यामुळे नाही गेली?"

"नाही."

"ते तिला माहीत होतं का?"

...तिला माहीत नव्हतं. कळू नये म्हणून तर डेक्लन इतके दिवस स्वतः फोन करत होता.

आठवड्याने तो फुलं घेऊन श्रीकांतकडे आला. मीही होते. वंदना म्हणजे कुटुंबातलीच, असं म्हणाला. मग हळूच म्हणाला, तिची एक निळी वही होती, थोडे दिवस मिळाली तर बरं होईल. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. वही माझ्याकडे आहे, मी म्हणाले, आणि ती मिळेल. फक्त मेधाला दोन ओळी लिहून द्यायच्या : काम पोलंडला गेलं, अमेरिकेत नाही, मी खोटं बोललो.

"असं लिहून नाही देता येत, शुभदा. तुला समजतंच ना."

"समजतं. साच्यात बसत नाही."

त्याचे कान लाल झाले. दोन्ही. मी नीट बघून घेतले, कारण वंदनाला सांगायचं होतं.

त्यानंतर त्याची तीन पत्रं आली आहेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा गोड. तारखेनुसार लावून ठेवली आहेत. क्राकूवच्या मुलीशी माझं भांडण नाही, तिला मी कळवलंय की शिक्क्याचं डेक्लनला विचार. माल बंदरात अडकला तर अडकू दे. हा लेख त्याला वाचायचा असेल तर कुणाकडून तरी समजून घ्यावा लागेल, आणि ते काम आनंदाने करणारी बाई त्याने काढून टाकली आहे.

मेधाने परत जाण्याआधी वंदनाच्या कपड्यांच्या खणातून फोटो शोधून काढला आणि प्रेसच्या दारावर, जुन्याच चार तुकड्यांवर, पुन्हा लावला. वही माझ्या स्वयंपाकघरात आहे, मिठाच्या बरणीमागे. शेवटची वीसेक पानं कोरी होती, त्यांवर मी आता रोजच्या याद्या करते. आजची अशी : रवा दोन किलो. वेलची. मेधाला फोन. डेक्लनला उत्तर नाही.