आधी तीन ओळी, मग कोड

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कुणाचं, तर आमच्या टीमच्या प्रमुख शोभाताईंचं. गेल्या महिन्यात सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे ऑफिसात गोल करून उभे होतो. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय हे एकेकाने सांगायचं, ही त्यांचीच शिस्त. माझी पाळी आली आणि त्यांच्या भावाचा फोन आला. आजारी ताई दवाखान्यातच वारल्या... बराच वेळ कुणी खाली बसलं नाही.

मी शिंदखेड्याकडच्या शाळेत शिकलो. वडील इकडे सुरतेत, नवागामला राहून लूमवर कापड विणायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. इथल्या मुलाखतीत माझा कॉलेजचा प्रोजेक्ट सांगताना इंग्रजी दुसऱ्याच वाक्याला संपलं. ताई आमच्याच खानदेशातल्या, सुरतेतल्या पांडेसऱ्यात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "मराठीत सांग भाऊ. आणि यंत्र काय करतं ते नको, माणूस काय करतो ते सांग." नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी सगळे गोल उभे राहिले तेव्हा मला वाटलं, प्रार्थना असणार. मी हात जोडून डोळे मिटले! पुढे कितीतरी दिवस पोरं मला "गुरुजी, आरती झाली का?" म्हणून छळायची. ताई हसल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "डोळे उघडे ठेव. अडलेला माणूस चेहऱ्यावर दिसतो."

आमचं सॉफ्टवेअर कापड रंगवणाऱ्या मिलसाठी असतं. ताईंचा नियम असा, की कोडची एकही ओळ लिहिण्याआधी मिलमध्ये जाऊन तिथल्या लोकांसोबत बसायचं आणि प्रत्येक कामासाठी तीन ओळी लिहायच्या : असं असताना, जेव्हा असं घडेल, तेव्हा असं व्हावं. सगळ्यांना समजेल अशा भाषेत. मग त्याच ओळींवरून संगणकावर चाचणी बनवायची. काम झालेलं नसतं, म्हणून ती आधी लाल दिसते, नापास. ती हिरवी होईल एवढंच कोड लिहायचं.

एकदा एका मिलच्या बैठकीत रंग पसंत न पडल्यामुळे परत आलेल्या मालाचा विषय निघाला. आम्ही म्हणत होतो, त्याला नवा नंबर द्यायचा. कापडाच्या घड्या घालणाऱ्या खात्यातले भिकनदादा म्हणाले, "छे! नंबर तोच. नाहीतर मालवाली पार्टी विचारेल, माझा माल गेला कुठे?" आम्ही मान डोलावली. ताईंनी मात्र विचारलं, "आणि दादा, अर्धाच परत आला तर?" दादा हसत सुटले. "ताई, ते तर आम्ही नुसतं तोंडी सांगून भागवतो!" त्यावर सगळी दुपार वाद झाला. शेवटी ठरलं, नंबर तोच आणि परत आलेल्या भागाच्या नंबरापुढे एक खूण. हे ना दादांना आधी माहीत होतं, ना आम्हाला. ते त्या बैठकीत सापडलं. आम्हाला न्यायला आलेले आमच्या कंपनीचे मालक जिग्नेशभाई दारातून ओरडले, "शोभाबेन, तमे सॉफ्टवेअर बनावो छो के पंचायत?" ताई म्हणाल्या, "पंचायत आधी केली की मारामारी नंतर होत नाही, भाई."

ताई आजारी पडल्या तेव्हा मी त्यांना एक पत्र पाठवलं होतं. दवाखान्यातून फोनवर आमच्या अहिराणीत एवढंच उत्तर आलं : "आते लाल शे. हिरवं कर." म्हणजे, चाचणी अजून लाल आहे.

त्या गेल्यावर दोनच आठवड्यांत भेस्तानच्या एका मिलचं काम आलं, घाईचं. जिग्नेशभाई म्हणाले, "शोभाबेन होत्या तोवर ठीक होतं. आता बैठका बंद, सरळ कामाला लागा." त्यांना मी कधी उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "भाई, बैठक नाही तर मी कोड लिहिणार नाही. दुसऱ्याला द्या." मग ते म्हणाले, "तू पण शोभाबेनच झालास. जा, पण लवकर ये."

मंगळवारी आम्ही भेस्तानला गेलो. मिलच्या ऑफिसात पंखा नव्हता, चहा गोड होता. तिथले रंगकामाचे मास्तर भराभर सांगत होते, आमची पोरं भराभर टिपत होती, सगळं सरळ वाटत होतं... आणि माझ्याच तोंडून निघालं, "आणि अर्धंच झालं तर?" मास्तरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली. खरी बैठक तिथून सुरू झाली.

ताईंना पाठवलेलं पत्र हे :

"ताई, नमस्कार. लवकर बऱ्या व्हा. तुम्ही शिकवलं तसंच लिहितो.

असं असताना : ताई ऑफिसात नाहीत आणि काम तुंबलंय.

जेव्हा : कुणी म्हणेल, बैठक राहू द्या, सरळ कोड लिहा.

तेव्हा : आम्ही आधी मिलमध्ये जाऊन बसू.

तुमचा,
गुरुजी"