विसावा आलेख

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दहावीच्या एका मुलीचा बरोबर आलेख मी भर वर्गात फाडला. तो बरोबर आहे हे त्याच दुपारी मला कळलं, आणि मी गप्प बसलो.

मी नाशिकरोडच्या एका शाळेत गणित शिकवतो. एकसामयिक समीकरणं आलेखाने सोडवायची, तर प्रत्येक समीकरणाचे तीन-तीन बिंदू काढायचे, ते कागदावर मांडायचे, रेषा ओढायच्या आणि त्या कुठे छेदतात ते बघायचं. उत्तर शेवटी दिसतं. पण मी उत्तर आधीच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून टाकायचो. ‘रेषा इथून गेली पाहिजे, नाही गेली तर खोडा.’ वह्या स्वच्छ, निकाल चांगला, मुख्याध्यापक खूश. आम्ही सगळे असंच शिकवायचो. पोरांना रेषा ओढायला नाही, वाकवायला शिकवत होतो, आणि वर्षाअखेरीला एकमेकांची पाठ थोपटत होतो. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या दिवशी फळ्यावर 2x + y = 8 आणि त्याखाली x − y = 4 लिहिलं. कोपऱ्यात उत्तर, (3, 2). चाळीस वह्यांत रेषा (3, 2) मध्ये भेटल्या. एकीच्या (4, 0) मध्ये भेटल्या.

ती मुलगी कधी हात वर करायची नाही. वडील रेल्वेत, रोज मनमाडला अपडाउन. तिला उभं केलं.

“काय गं, अख्खा वर्ग वेडा आणि तू एकटी शहाणी?”

“सर, तिसरा बिंदूपण घेऊन पाहिला. त्याच रेषेवर येतोय.”

“फळ्यावर काय लिहिलंय? वाच.”

“तीन, दोन. पण सर, माझ्या रेषा तिथून जातच नाहीयेत.”

मागच्या बाकावरून एकजण ओरडला, “सर, आपली गाडी नाशिकरोडला थांबली, हिची मनमाडला गेली!”

वर्गात हशा फुटला. मीही हसलो. मग तिचा आलेख हातात घेऊन उभा फाडला आणि म्हणालो, “उद्या वीस वेळा काढून आण.” तिचं नाव त्या दिवसापासून ‘मनमाड’ पडलं.

शाळा सुटल्यावर छत्री विसरली म्हणून वर्गात परत गेलो. फळा कोणी पुसलेला नव्हता. टेबलावर पुस्तक उघडंच होतं. पुस्तकात x − y = 1 होतं. खालच्या उदाहरणातला 4 मी वर उचलून लिहिला होता. म्हणजे फळ्यावर जे होतं त्याचं उत्तर (4, 0) च. वर्गात एकटीनेच समीकरण वाचलं होतं. बाकीच्यांनी कोपरा वाचला होता.

मी डस्टर घेतलं आणि आधी तो 4 पुसला. मग सगळा फळा. दार लोटून घरी गेलो. जेवलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने वीस आलेख आणले. आलेखाचे कागद बाराच असावेत, कारण पुढचे आठ साध्या पानांवर होते, पट्टीने एकेक चौकोन आखून. एकोणीस आलेखांत रेषा (4, 0) मध्ये भेटत होत्या. पेन्सिलीचं टोक बोथट होत गेलेलं रेषांवरून दिसत होतं, बिंदू मात्र हललेला नव्हता.

विसाव्यात तिने हार मानली होती. कोष्टकात बिंदू खरेच लिहिले होते, (4, 0), (5, 1), (6, 2). रेषा मात्र त्या तिन्हींना सोडून (3, 2) मधून ओढलेली.

मी लाल पेनाने एकोणीस आलेखांवर फुली मारली. विसाव्यावर बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, ‘छान’. सगळं माहीत असताना. चूक फळ्यावर झाली ती चूकच, होते माणसाकडून. ही चूक नव्हती. हा हरामखोरपणा होता, आणि दुसरा शब्द मला वापरायचा नाही.

त्यानंतर माझ्या फळ्यावरच्या उत्तराला तिने एकदाही ‘पण सर’ म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात भाजीबाजारात भेटली. मेथीची जुडी पिशवीत टाकून भर गर्दीत पाया पडायला वाकली.

“ओळखलं का सर? मी मनमाड.”

“ओळखलं ना. काय करतेस?”

“आर्ट्स केलं सर. सायन्स घ्यायचं होतं, पण म्हटलं नको. गणितात आपलं डोकं चालत नाही, ते दहावीतच कळलं. तुम्ही वेळेवर दाखवून दिलं, बरं झालं.”

टोमणा असता तर सोसला असता. ती मनापासून बोलत होती. आणि मी काय म्हणालो? “सुखी राहा.” निघताना पुन्हा वाकलेल्या तिच्या डोक्यावर हात ठेवून! त्या हाताची मला अजून चीड येते.

एका सहकाऱ्याला आडून विचारून पाहिलं, की शिक्षकाकडून असं काही झालं तर? तो म्हणाला, “सोडा हो सर, पोरं विसरतात.” कुठं विसरतात? त्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मलाही त्यात घेतलंय. गुरुपौर्णिमेला हारफुलांची चित्रं येतात. तिच्या वाढदिवसाला अजून ‘हॅपी बर्थडे मनमाड’ येतं, आणि ती हात जोडल्याचं चित्र टाकते. तीन वेळा मी तिथं लिहायला घेतलं, तिन्ही वेळा खोडलं. खोडण्यात हात तयार आहे माझा.

एकोणीस आलेख बरोबर होते, चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी माहीत होती. हे त्या हसलेल्या चाळीस जणांसमोर तिला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.